शाळेमागचा घाट

जलकुंभीच्या पानाचा देठ मधोमध फुगलेला असतो. साधारण लिंबाएवढा; मोकळ्या पाण्यातल्या रोपांचा जास्त, दाटीतल्या रोपांचा कमी. ब्लेडने तो उभा चिरला तर आतून चीक निघत नाही. पातळ भिंतींच्या बारीक पांढऱ्या खोल्या दिसतात, एकीला लागून एक, आणि त्या सगळ्या रिकाम्या असतात.

"अन् यात भरलं का हाये जी?" फुलवंताने विचारलं.

"हवा."

"निस्ती हवा?"

"नुसती हवा. म्हणून तर बुडत नाही."

"आपल्या अध्यक्षावाणी," मागून सोनाबाई म्हणाली, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या वीस-बावीस बाया हसल्या.

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा गोंदियाकडच्या निमटोला नावाच्या गावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. गावाला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव होता. काठाला ढिवरांची ऐंशी-नव्वद घरं, आणि तलावातली मासळी त्यांच्या सोसायटीची. त्या वर्षी चैत्रात पाणी उतरलं तेव्हा निम्म्याहून जास्त तलाव हिरवा होता. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून पाहिलं तर नवख्या माणसाला धानाची बांधी वाटली असती. जाळं टाकलं की मासळीऐवजी जलकुंभी वर येई. डोंगे मधेच अडकत. खाली उजेड पोचत नसल्यामुळे तलावाची मूळची पाणगवतं कुजून गेली होती, आणि मासे त्या गवतांतच अंडी घालत.

औषध मारलं असतं तर उरलेली मासळीही गेली असती. म्हणून मी सोसायटीला सुचवलं होतं की हाताने काढू. रोज सकाळी सहा ते दहा, सोमवार ते शनिवार. पुरुषांनी डोंग्यांतून खोल पाण्यातली ओढून आणायची, बायांनी काठाची उपटायची. कशी ओळखायची, कशी काढायची, ते मी दाखवणार होते.

"मूठ देठाला घालू नका," मी सांगत होते. "बुडाखाली हात घाला, मुळांसकट उचला. तुकडा राहिला की त्याचं नवं झाड होतं. आणि काठावर टाकू नका, वर बाभळींपाशी न्या. काठावरचं पावसात परत पाण्यात जातं."

"दिसायले कशी नवरीवाणी हाये बाप्पा," एक तरणी सून जांभळं फूल केसांत खोचत म्हणाली.

"अन् वागायले सवतीवाणी," सोनाबाई म्हणाली. "एकदा घरात आली का पसरलीच."

मी त्या सुनेच्या केसांतलं फूल काढून घेतलं. जरा झटक्यानेच काढलं असावं, कारण तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. "बी असतं त्यात," मी म्हटलं. "चिखलात वीस-वीस वर्षं टिकतं." बी टिकतं हे खरं होतं. ताज्या फुलात बी नसतं, हेही मला माहीत होतं.

फुलवंता इतर बायांपासून आठ-दहा हात दूर काम करत होती. ती स्वतःहून दूर गेली नव्हती. ती ज्या बाजूला सरके त्या बाजूच्या बाया हळूच दुसरीकडे सरकत. इतर जणी एक टोपलं वर नेत तेवढ्यात ती दोन नेई. साडेआठला चहाची किटली आली तेव्हा सगळ्यांचे झाल्यावर तिच्याकडे कप गेला, आणि त्यात चहा अर्धाच होता.

"माझ्यातला घे," मी म्हटलं.

"राहू द्या जी, मॅडम. तुमचा तुमी घ्या. मले सवय नाई चहाची," ती म्हणाली. तिला सवय होती.

याचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा, यादोराव दिघोरे, तीन वर्षांपूर्वी सोसायटीचा सचिव होता. अध्यक्ष अंताराम नान्हे नको म्हणत असताना त्याने दुसऱ्या जिल्ह्यातून माशांची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, ड्रमांत भरून टेम्पोने आणली होती. पुढच्या वर्षी मासळी चांगली निघाली, तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग ही जलकुंभी आली, आणि ती यादोरावच्या ड्रमांतून आली असं ठरलं. रविवारी सोसायटीची सभा होती. यादोरावचं नाव कायमचं काढून टाकण्याचा ठराव सभेपुढे यायचा होता. नाव गेलेल्या माणसाला तलावात जाळं टाकता येत नसे. त्याच्या बायकोला काठावरचे झिंगेसुद्धा धरता येत नसत.

आणि ते ठरलं त्यात माझं एक वाक्य होतं.

मार्चच्या सभेत अंतारामजींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. हे येते कोठून, सांगा."

"अनेक मार्गांनी येऊ शकतं," मी म्हटलं होतं. "मत्स्यबीजाच्या पाण्याबरोबरही येऊ शकतं."

"पन ड्रम तं पाळीवर ओतले होते," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "अन् सगळ्यात दाट हाये शाळेकडं. ते कसं?"

"वारा," मी म्हटलं होतं. "पावसाळ्यात वारा पाळीकडून शाळेकडे वाहतो. तरंगणारी रोपं वाऱ्याबरोबर सरकतात."

दोन्ही उत्तरं बरोबर होती. मी परीक्षेच्या पेपरात त्यांना पूर्ण गुण दिले असते. ती सभेच्या वहीत उतरली, खाली अंतारामजींची सही झाली.

*

बुधवारी दुपारी यादोराव शाळेत आला. मी प्रयोगशाळेत एकटी होते, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलत होते. तो दाराबाहेर वहाणा काढून उभा राहिला. उंच, वाळका माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, इस्त्रीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"या ना आत."

"पाय चिखलाचे हाये जी."

"असू द्या. माझेही आहेत."

तो आत आला आणि फॉर्मालिनमधल्या बेडकाकडे पाहत राहिला. मग खिडकीखालच्या काचेच्या मोठ्या पात्राकडे त्याचं लक्ष गेलं. ते रिकामं होतं.

"यात मासे ठेवता का जी?"

"पाणवनस्पती. मुलांना दाखवायला," मी म्हटलं. "बोला, काय काम काढलं?"

"कागद पायजे होता एक." त्याने घसा साफ केला. "असं लिहून द्या का ते दुसऱ्या कशानं बी येऊ शकते. पाखरानं म्हना, पुरानं म्हना. तुमचा कागद असला तं अंताराम ऐकन. मी नाई आनलं असं नका लिहू. ते तुमाले कसं मालूम राहीन? जे खरं हाये तेवढंच लिहा."

मी कागद घेतला. समास आखला. पुराच्या पाण्याबरोबर. पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून आलेलं बी. मत्स्यबीजाबरोबर. दुसऱ्या तलावातून आणलेल्या जाळ्यांत आणि डोंग्यांत अडकून. चार मार्ग, चार ओळी. पाचवा मार्ग पुस्तकात सगळ्यांच्या आधी दिलेला असतो. मी पेनाला टोपण लावलं.

त्याने मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा तो तिसऱ्या ओळीपाशी थांबला.

"हे तिसरं तं माह्यंच झालं."

"ते लिहावं लागेल, यादोभाऊ."

"हो, हो. खरं हाये ना. लिहा." त्याने कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिसा वरून दाबला. "मॅडम, मले शेत नाई. दुसरं काम बी येत नाई. तलाव सुटला तं गवंड्याच्या हाताखाली जाईन, माती वाहीन, होईन कसंबी. पन लोक म्हनतीन ना, का यानं तलाव मारला. मायं पोरगं ढिवराचंच राहीन, अन् त्याले म्हनतीन, तुह्या बापानं तलाव मारला." मग त्यालाच जास्त बोलल्यासारखं वाटलं असावं. तो हसला. "तुमी होत्या म्हनून हे काम तरी निंगालं. नाई तं आमी निस्ते एकमेकाले शिव्या देत बसलो असतो."

तो गेल्यावर मी ते काचेचं पात्र उचलून कपाटाच्या मागे ठेवलं.

*

शनिवारी शेवटचा तुकडा राहिला होता, शाळेमागच्या घाटाचा. मीच तो शेवटी ठेवला होता. तिथे दाटी जास्त आहे, पाणी आणखी उतरू द्या, असं मी सांगितलं होतं.

बाकीच्या बाया पलीकडच्या टोकाला होत्या. घाटाशी मी आणि फुलवंता. चटई गुंडाळावी तशी आम्ही जलकुंभी ओढत होतो. एकेका रोपाला चार-चार पिल्लं, आडव्या दांड्यांनी एकमेकांत गुंतलेली. नऊच्या सुमाराला खालच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या. शेवटच्या पायरीच्या दगडात डोंगा बांधायची जुनी लोखंडी कडी होती. तिला निळी नायलॉनची दोरी होती, वीतभर, शेवाळाने काळी पडलेली. गाठीपाशी मात्र रंग टिकला होता. गाठ दुहेरी होती, प्रयोगवह्यांच्या गठ्ठ्याला मी मारते तशी.

तीन वर्षांपूर्वी अकरावीच्या प्रात्यक्षिकासाठी मी नागपूरहून, एका नाल्यातून, जलकुंभीची सहा रोपं आणली होती. डब्यात ओलं फडकं घालून, एसटीत मांडीवर धरून. तीन रोपांचे देठ कापून मुलांना दाखवले. उरलेली तीन काचेच्या पात्रात ठेवली. एप्रिलच्या उन्हाने पात्रातलं पाणी तापलं, पानं मान टाकायला लागली. त्यांतल्या एकाला कळीचा दांडा आला होता. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, पण जलकुंभीची कळी उमलताना कधी पाहिली नव्हती. ती पहाटे उमलते आणि एक-दोन दिवसांतच दांडा वाकून पाण्यात जातो, हे वाचलेलं. म्हणून मी ती तीन रोपं घाटावर नेली आणि या कडीला बांधली. फूल पाहीन, मग काढून जाळीन, असं ठरवलं होतं. फूल यायच्या आत उन्हाळ्याची सुटी लागली. तालुक्याला जाणारी जीप दाराशी उभी होती, आणि मी जीपमध्ये बसले. जूनमध्ये परत आले तेव्हा पाणी वर चढलं होतं, कडी बुडाली होती, रोपं दिसत नव्हती. मेली असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या वर्षी याच कोपऱ्यात मला अकरा रोपं दिसली. मी मोजली होती. दहा मिनिटांचं काम होतं. मी चप्पल काढून पहिल्या पायरीवर उतरलेसुद्धा. तेवढ्यात धुणं घेऊन दोघी बाया आल्या आणि एकीने विचारलं, "का शोधता जी, मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही, पाय धुते." आणि पाय धुऊन परत गेले. पंधरा दिवसांत ही वनस्पती दुप्पट होते, हे गणित मी दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवत असे. अकराचे बावीस, बावीसचे चव्वेचाळीस. त्या उन्हाळ्यात मी ते सोडवलं नाही. आणि मग इतकी झाली की एकट्या माणसाच्या हाताबाहेर गेली, तेव्हा मी गावाला ती ओळखायला शिकवू लागले.

मी वाकून गाठ सोडवायला लागले. नखं घसरत होती. शेवटी ब्लेडने दोरी कापली.

"का हाये ते?" फुलवंताने विचारलं.

"दोरी आहे जुनी."

"कोनाच्या शेळीची असन."

"असेल," मी म्हटलं, आणि दोरी मुठीत धरली. मग कमरेला खोचली.

ती पायरीवर बसली. पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं. "मॅडम, एक पुसू? ते बी केवढं रायते जी? तुमी म्हनाल्या ना त्या दिवशी, बी रायते म्हून."

"बारीक असतं."

"तरी?"

"खसखशीपेक्षाही बारीक."

तिने अंगठा बोटाच्या पेरावर घासून पाहिला, जणू तिथे ते बी होतं. "तवा ड्रम ओतले ना, मी एकेक बादली लुगड्यातून गाळली होती. जुन्यातल्या दुहेरी लुगड्यातून. किती बोटुकली मेली ते मोजाचं होतं. बोटुकली सोडून लुगड्यात काडी बी नव्हती जी, मी देवाची शपथ घेऊन सांगितली असती. अंतारामभाऊले सांगितलं बी. पन खसखशीहून बारीक म्हनता तं जाईनच ना ते लुगड्यातून. मले का दिसन?"

"फुलवंता, तसंच झालं असेल असं नाही."

"तसंच झालं असन. तुमी म्हनालाच ना सभेत. सालभर मी घरात भांडली, का नाई आलं आपल्या ड्रमातून, नाई आलं. तेबी म्हने नाई आलं. आता वाटते, मीच घालवला मानसाले." ती उठली, पदराने तोंड पुसलं, आणि एकदम तिच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "मी एक पक्कं केलं. उद्या सभेत मी उभी रायते. म्हनते, गाळनं मायाकडं होतं, चूक मायी हाये, याची नाई. बाईमानसाचं नाव सोसायटीत हायेच कोठं? मंग काढतीन कोठून?"

"लोक तुला बोलतील."

"बोलू द्या. अर्धा चहा देते तं आता पाव देतीन." तिने टोपलं माझ्यापुढे धरलं. "चला जी, धरा. घाट तं मोकळा झाला."

मी टोपल्याची दुसरी कडा धरली. आम्ही ते ओझं बाभळींपर्यंत नेलं. चालताना दोरीचं टोक कमरेला टोचत होतं. त्या वाटेवर, ती एकटी असताना, मला सांगता आलं असतं. मी पावलं मोजली. एकशे चाळीस भरली. मला बदलीची भीती नव्हती, नोकरीचीही फारशी नव्हती. सहा दिवस त्या बाया माझ्या हाताकडे पाहत होत्या. मी देठ कापला की माना पुढे करत होत्या, मी सांगितलं तसं बुडाखाली हात घालत होत्या. उद्यापासून त्या माझ्या हाताकडे कशा पाहतील, याची मला भीती होती. एवढीशी भीती, आणि तिच्यापायी मी ती एकशे चाळीस पावलं गप्प राहिले.

बाभळींपाशी सोनाबाई ढीग रचत होती. "झाला का घाट?" तिने विचारलं. "मॅडमच्या पायाले जळू नाई लागली का वो एकदाही?"

"लागली होती," फुलवंता म्हणाली. "त्यायचं रगत चाखलं अन् तिनंच सोडून देल्लं. केमिकलचं रगत."

सगळ्या हसल्या. फुलवंताच्या बोलण्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

*

सभा सकाळी नऊला समाजभवनात होती. पुरुष सतरंजीवर, बाया दाराशी आणि बाहेरच्या ओट्यावर. माझ्यासाठी अध्यक्षांच्या टेबलाशेजारी खुर्ची ठेवली होती. आधी माझा सत्कार झाला. नारळ आणि शाल. अंतारामजींनी शाल माझ्या खांद्यावर नीट बसवली, घसरायला लागली तेव्हा पुन्हा बसवली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची स्वतःची दोन जाळी त्या जलकुंभीत फाटली होती.

"मॅडम आपल्या गावच्या नाई, जातीच्या नाई," ते सभेला म्हणाले. "तरी सहा दिवस चिखलात उभ्या राहिल्या. ज्यानं घान केली त्यानं नाई केलं एवढं, ते यायनं केलं."

यादोराव तिसऱ्या रांगेत बसला होता. तोच इस्त्रीचा शर्ट. त्याने खिशातून माझा कागद काढून पुढे दिला. तो हातोहात टेबलापर्यंत आला. अंतारामजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचला. एक, दोन. तिसऱ्या ओळीपाशी त्यांनी बोट ठेवलं.

"मत्स्यबीजाबरोबर. म्हंजे मॅडमनं बी तेच लिहिलं हाये. पूर तं तीन सालांत आला नाई. पाखरं का आताच आली? पाखरं तं आपल्या आज्यापासून येतात. दुसऱ्या तलावाचं जाळं-डोंगा आपन येऊ देत नाई." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला. "राहिलं एकच."

यादोरावने मान खाली घातली. कागदात जे होतं ते खरं होतं, आणि तेवढंच त्याने मागितलं होतं.

"मले यादोशी दुश्मनी नाई," अंतारामजी म्हणाले. "आमी एका डोंग्यात वाढलो. पन तलावाचा जाब कोनी तरी द्या लागते. सचिव, ठराव वाचा."

सचिव वाचू लागला. दाराशी हालचाल झाली. फुलवंता उभी राहिली होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हात दाराच्या चौकटीवर.

"भाऊ, वाचू नका," ती म्हणाली. "मले बोलाचं हाये."

"बाया मांगून बोलतीन," कुणीतरी म्हणालं.

"मांगून बोलून का करू? ड्रम मी गाळले होते. यायनं नाई. चूक झाली असन तं—"

"फुलवंता," मी म्हटलं, "खाली बस."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी सभेत तिला दटावलं असं तिला वाटलं असावं. ती बसली नाही. यादोराव मागे वळून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच राग पाहिला, बायकोवरचा, तिने हे आधी सांगितलं नाही म्हणून.

मी उभी राहिले. शाल काढून खुर्चीवर ठेवली. कमरेच्या पिशवीतून दोरी काढली आणि टेबलावर त्या कागदाशेजारी ठेवली. काल तिला मी साबणाने धुतलं होतं. का धुतलं, मला सांगता येत नाही. आता ती चांगलीच निळी दिसत होती.

"अंतारामजी, या कागदात मार्ग चार आहेत. ते पाच आहेत. पाचवा मी लिहिला नाही."

"मंग सांगा ना जी, आमी थांबतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज अजून सत्काराचाच होता.

"सचिवांना लिहून घ्यायला सांगा. मी सांगते तसं."

सचिवाने पान उलटलं. मी प्रयोगवहीत मुलांना निरीक्षण उतरवून देताना जसं सांगते तसं, एकेक शब्द थांबत, सांगू लागले. तसं नसतं सांगितलं तर मला ते बोलताच आलं नसतं.

"तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. तारीख एकोणीस. जागा, शाळेमागचा घाट, शेवटची पायरी, लोखंडी कडी."

पेन चालत होतं. फुलवंता दाराची चौकट सोडून दोन पावलं आत आली होती. ती दोरीकडे पाहत होती.

"जलकुंभीची रोपं तीन. एकाला कळी. नागपूरहून शाळेच्या प्रयोगासाठी आणलेली, आणि प्रयोग झाल्यावर न जाळता या दोरीने तलावात बांधून ठेवलेली. पुढच्या वर्षी त्याच जागी अकरा रोपं. पाहिली, मोजली, काढली नाहीत."

सचिवाने लिहिणं पुरं केलं. मान वर न करता, नेहमीच्या सवयीने, त्याने विचारलं, "आननाराचं नाव?"

ओट्यावरच्या बाया दाराशी दाटल्या होत्या. सोनाबाई माझ्या हातांकडे पाहत होती.

"वैजयंती मनोहर ठोसर," मी म्हटलं. "ठरावात यादोरावचं नाव आहे ना, ते खोडा. तिथे हे लिहा."